लिनक्सवर नवीन आहात? डेस्कटॉप कुठला घ्यायचा ते हाताला विचारून ठरवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, नातेवाईकांत एकच प्रश्न फिरतोय, लॅपटॉप तर चांगला चाललाय पण विंडोज ११ ला जो टीपीएम २.० चा चिप लागतो तो ह्याच्यात नाही, मग लिनक्स टाकू का, आणि टाकलं तर कुठलं. लिनक्स टाकणं आता खरंच अवघड राहिलेलं नाही, अर्ध्या तासात होतं. अडतं ते पुढच्या प्रश्नावर, डेस्कटॉप कुठला. कुणी सांगतं ग्नोम घे, कुणी सांगतं केडीई, कुणी म्हणतं जुन्या मशीनला एक्सएफसीईशिवाय पर्याय नाही, आणि नवीन माणूस यूट्यूबवर पन्नास स्क्रीनशॉट बघून जो सगळ्यात देखणा दिसतो तो टाकून मोकळा होतो. मग महिन्याभराने म्हणतो लिनक्स आपल्याला जमत नाही बुवा.

मी आत्तापर्यंत घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची मशीन बदलून दिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की डेस्कटॉप डोळ्यांनी निवडायचा नाही, हातांनी निवडायचा. म्हणजे नक्की काय करायचं ते खाली क्रमाने लिहिते.

आधी डेस्कटॉप म्हणजे काय ते

विंडोजमध्ये हे सगळं एकच असतं म्हणून वेगळं नाव लागत नाही. लिनक्समध्ये आतलं इंजिन वेगळं, उबुंटू किंवा फेडोरा किंवा मिंट ही त्या इंजिनावर बांधलेली गाडी, आणि लॉगिन केल्यावर जे समोर येतं ते सगळं, खालची पट्टी, मेनू, विंडोची बटणं, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, आवाज वाढवला की दिसणारी ती पट्टी, हे सगळं मिळून डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. एकाच उबुंटूवर वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात, कुबुंटू म्हणजे उबुंटूवर केडीई, झुबुंटू म्हणजे एक्सएफसीई, लुबुंटू म्हणजे एलएक्सक्यूटी. आत सॉफ्टवेअर तेच, अपडेट तेच. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी सगळीकडे तसेच चालतात. म्हणून घाबरायचं कारण नाही, इथे चुकीची निवड झाली तरी तुमच्या फाइलींना काही होत नाही, डेस्कटॉप नंतर बदलता येतो.

पायरी १. एक कागद घ्या

खरंच कागद. मोबाईलवर नको. दोन दिवस तुमचं आत्ताचं मशीन वापरताना शेजारी ठेवा आणि लिहीत जा, सकाळी मशीन चालू केल्यावर पहिलं काय उघडता, एका वेळी किती विंडो उघड्या असतात, एकीतून दुसरीत जाताना खालच्या पट्टीवर क्लिक करता की ऑल्ट टॅब दाबता, माऊस आहे की नुसतं टचपॅड, फाइली डेस्कटॉपवर टाकून ठेवायची सवय आहे का, मराठी किती टाईप करता, प्रिंटर आहे का, चष्म्याचा नंबर बदललाय का.

आमच्या अण्णांचं उदाहरण सांगते, माझे सासरे, रिटायर झालेत, सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब तेच बघतात. त्यांच्या कागदावर सहाच ओळी झाल्या. हिशोबाची एक शीट, बँकेची वेबसाईट, व्हॉट्सअॅप वेब, पावत्यांचं प्रिंट, नातवंडांचे फोटो आणि रात्री कीर्तन. पण त्यातली महत्त्वाची ओळ वेगळीच होती, ते शीट कधी बंदच करत नाहीत. दिवसभर खाली मिनिमाइज करून ठेवतात आणि पट्टीवर तिचं नाव दिसलं की त्यांना बरं वाटतं की हिशोब उघडा आहे. मी पहिल्यांदा त्यांना जो डेस्कटॉप लावून दिला, ग्नोम, त्यात पट्टी नव्हती आणि मिनिमाइजचं बटण पण नव्हतं, मला स्वतःला तो फार आवडायचा म्हणून लावला. ते दर वेळी फुलीवर क्लिक करून शीट बंद करायचे आणि मग घाबरून हाक मारायचे, सूनबाई, हिशोब गेला गं. हिशोब कुठे गेला नव्हता, पण माणसाला तसं वाटणं हेच खूप झालं. आठ दिवसांनी मी सिनॅमन नावाचा खाली पट्टी असलेला डेस्कटॉप टाकला आणि त्यानंतर त्यांनी मला ह्या कारणासाठी कधी हाक मारली नाही.

उलट माझी भाची इंजिनियरिंगला आहे, तिच्याकडे माऊसच नाही, सगळं टचपॅडवर. तिला तोच बिनपट्टीचा डेस्कटॉप इतका आवडला की आता ती दुसऱ्या मशीनवर बसली तरी तीन बोटं वर सरकवते.

पायरी २. मशीन काय आहे ते बघा

इथे फार वेळ घालवू नका. रॅम ८ जीबी किंवा जास्त आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर खाली सांगितलेला कुठलाही डेस्कटॉप नीट चालेल. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, माटे किंवा एलएक्सक्यूटी बघा, सिनॅमन पण चालतं पण ब्राउझरचे टॅब मोजून उघडावे लागतील. मिंटवाले स्वतः २ जीबी किमान आणि ४ जीबी असावी असं सांगतात, उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपला मिंटपेक्षा जास्त लागते. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर डेस्कटॉप बदलण्याआधी एसएसडी बसवून घ्या. हलका डेस्कटॉप टाकून जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक एका स्वस्त एसएसडीने पडतो, हे मी प्रत्येकाला सांगते आणि बसवल्यावर प्रत्येकजण मान्य करतो.

रॅम कोण किती खातो ह्यावर लोक फार भांडतात. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी कमी घेतात हे खरं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की त्या फरकाचं काही वाटत नाही. ८ जीबीच्या वर असाल तर हा मुद्दा सोडूनच द्या.

पायरी ३. चार मोठ्या डेस्कटॉपची ओळख, आणि ते असे का आहेत

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण प्रत्येकाच्या मागे एक विचार आहे, तो कळला की निवड सोपी होते.

केडीई सुरू झालं १९९६ मध्ये, जर्मनीत मॅथियास एट्रिच नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलं, तेव्हा युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसायचा, वेगळा वागायचा, सामान्य माणसाला एकसारखं काही मिळायचं नाही. पण केडीई ज्या क्यूट नावाच्या टूलकिटवर (बटणं, मेनू बनवायचं तयार सामान) बांधलं होतं त्याचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं, म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. म्हणजे ह्या दोघांची वाट वेगळी झाली ती दिसण्यावरून नव्हती, लायसन्सवरून होती. दिसण्यावरचा वाद नंतरचा. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने खरे वापरणारे लोक ग्नोमसमोर बसवून ते कुठे अडतात ते टिपलं, त्यानंतर ग्नोमने डिझाइनचे लेखी नियम काढले आणि तिथून त्यांचा स्वभाव बनत गेला, कमी पर्याय द्यायचे पण जे द्यायचं ते नीट द्यायचं.

मग आला एप्रिल २०११. ग्नोम ३ आलं, त्यात खालची पट्टी गेली, मिनिमाइजचं बटण गेलं, सगळं एका ओव्हरव्ह्यूमध्ये, म्हणजे सगळ्या उघड्या विंडो एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर, आलं. त्याच महिन्यात उबुंटूने सुद्धा आपला युनिटी नावाचा नवा डेस्कटॉप सगळ्यांना दिला. लोकांच्या हातातल्या सवयी एका अपडेटमध्ये निरुपयोगी झाल्या. स्वतः लिनस टोरवाल्ड्स, ज्यांनी लिनक्स लिहिलं, ते चिडून एक्सएफसीईवर गेले, पुढे काही काळाने परत ग्नोमवर आले ही गोष्ट वेगळी. ह्याच रागातून दोन डेस्कटॉप जन्माला आले. जुनं ग्नोम २ तसंच्या तसं पुढे चालवायचं म्हणून माटे, ते अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने सुरू केलं. आणि नवीन तंत्रज्ञान घ्यायचं पण मांडणी जुनीच ठेवायची म्हणून मिंटवाल्यांचं सिनॅमन. उबुंटूने २०१७ मध्ये युनिटी सोडलं आणि १७.१० ह्या आवृत्तीपासून परत ग्नोमवर आले. मी हा इतिहास मुद्दाम सांगतेय, कारण ‘मला जुनी पट्टी हवी’ असं म्हणणारा माणूस मागासलेला नसतो, त्याच एका मागणीसाठी दोन आख्खे डेस्कटॉप बांधले गेलेत.

आता वापरताना काय जाणवतं ते.

ग्नोम. वर बारीक पट्टी, बाकी स्क्रीन मोकळी. विंडोजची की दाबली, लिनक्समध्ये तिला सुपर म्हणतात, की सगळ्या उघड्या विंडो पसरून दिसतात आणि लगेच टाईप करून काहीही शोधता येतं. टचपॅडवर तीन बोटं वर नेली की तेच, आडवी नेली की पुढचं वर्कस्पेस, म्हणजे विंडो मांडायला दुसरी मोकळी स्क्रीन. एका विंडोत डोकं घालून काम करणाऱ्याला, कीबोर्डवर हात असणाऱ्याला, छोट्या स्क्रीनच्या लॅपटॉपला फार छान. डेस्कटॉपवर फाइली टाकायची सवय असेल तर मूळ ग्नोममध्ये तिथे आयकॉनच दिसत नाहीत. उबुंटूमधलं ग्नोम थोडं बदललेलं आहे, डावीकडे डॉक म्हणजे आयकॉनची पट्टी असते, मिनिमाइजचं बटण असतं, डेस्कटॉपवर आयकॉन पण दिसतात, म्हणून ‘ग्नोम बघितलं’ म्हणताना उबुंटूवर बघितलं की फेडोरावर हे लक्षात ठेवा, दोन्हींचा अनुभव बराच वेगळा आहे.

केडीई प्लाझ्मा. पहिल्या दिवशी विंडोजसारखं वाटतं, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. पण ज्याला हात लावाल ते बदलता येतं. प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, त्यात एक छोटा पण नवीन माणसासाठी मोठा बदल झाला, आधी फाइल एका क्लिकमध्ये उघडायची, आता डबल क्लिकने उघडते, त्यामुळे विंडोजवरून येणारे दचकत नाहीत. सुपर आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या सगळ्या गोष्टींची यादी येते, केडीई कनेक्टने फोन जोडता येतो, फाइली इकडून तिकडे जातात. स्टीम डेक ह्या हातात धरायच्या गेमिंग मशीनमध्ये डेस्कटॉप मोडला हेच आहे. स्क्रीन बारीक पिक्सेलची असेल आणि १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं तेवढं मोठं करून दाखवणं, लागत असेल तर माझ्या अनुभवात हे सगळ्यात नीट सांभाळतं. ज्याला सेटिंग दिसलं की बदलावंसं वाटतं त्याने थोडं जपून, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सिनॅमन. ह्याच्यात शिकण्यासारखं फार कमी आहे आणि हीच त्याची ताकद. विंडोज ७ वापरलेला माणूस पाच मिनिटांत कामाला लागतो. घरातल्या मोठ्यांसाठी, दुकानाच्या काउंटरवर, ज्याला कॉम्प्युटर हे फक्त साधन आहे अशा कुणालाही मी आधी हेच दाखवते.

एक्सएफसीई. हे पण १९९६ चंच, ओलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केलेलं. हलकं आणि फार हळू बदलणारं, ४.१२ नंतर ४.१४ ही आवृत्ती यायला साडेचार वर्षं लागली होती. काही लोक ह्याला कंटाळवाणं म्हणतात, पण ज्या माणसाला दर सहा महिन्यांनी बटणाची जागा बदललेली चालत नाही त्याच्यासाठी ह्याहून चांगलं काही नाही. एकच त्रास, विंडोची कड इतकी बारीक असते की माऊसने पकडून मोठी करणं जमत नाही. उपाय सोपा, ऑल्ट दाबून धरा आणि विंडोत कुठेही राईट क्लिक करून ओढा, साईज बदलते. हे कळलं नाही म्हणून एक्सएफसीई सोडलेले लोक मी बघितलेत.

माटे म्हणजे वर सांगितलं तसं जुनं ग्नोम २, एलएक्सक्यूटी अगदी अशक्त मशीनसाठी. बाकी बजी, पॉप ओएसवाल्यांचं कॉस्मिक वगैरे आहेत, पण पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नका.

पायरी ४. एकाच पेनड्राइव्हवर तीन डेस्कटॉप

इन्स्टॉल करण्याआधी तीन वापरून बघायचे. एक १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यात काही ठेवायचं असेल तर आधी काढून घ्या कारण तो पूर्ण पुसला जाणार आहे. विंडोजमध्ये व्हेंटॉय नावाचा मोफत प्रोग्रॅम डाउनलोड करा, चालवा, पेनड्राइव्ह निवडा, इन्स्टॉल दाबा. निवडताना दोनदा बघा की तुम्ही पेनड्राइव्हच निवडलाय, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा. झालं की त्या पेनड्राइव्हवर आयएसओ फाइली, म्हणजे प्रत्येक लिनक्सच्या साईटवरून डाउनलोड होणारी इन्स्टॉलची फाइल, नुसत्या कॉपी करायच्या, दुसरं काही करायचं नाही. मी साधारण लिनक्स मिंट सिनॅमन, फेडोरा वर्कस्टेशन म्हणजे ग्नोम, आणि कुबुंटू किंवा फेडोरा केडीई ह्या तीन टाकते, मशीन जुनं असेल तर एकाच्या जागी झुबुंटू.

मग मशीन रिस्टार्ट करून बूट मेनू उघडा, बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२, काहींवर एफ ९ किंवा एस्केप. सिक्युअर बूट चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्यांदा एक निळी स्क्रीन दाखवतो, तिथे की एनरोल करून घ्यावी लागते, म्हणजे व्हेंटॉयला परवानगी द्यावी लागते, घाबरू नका, व्हायरस वगैरे नाही ते. मग यादीतून एकेक निवडून लाईव्ह चालू करा, म्हणजे डिस्कला हात न लावता. लाईव्हमध्ये सगळं पेनड्राइव्हवरून चालतं म्हणून हळू वाटेल, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५. प्रत्येकावर तीच कामं, अर्धा तास

आता तो कागद समोर घ्या. वॉलपेपर बघू नका, थीम बदलू नका, तुमची रोजची कामं करा. त्यात एवढं जरूर करून बघा: दोन विंडो शेजारी शेजारी लावणं, एक विंडो लपवून पाच मिनिटांनी शोधणं, स्क्रीनशॉट घेऊन तो कुठे सेव्ह झाला ते बघणं, दुसऱ्या पेनड्राइव्हवरची फाइल उघडून तो नीट इजेक्ट करणं, अक्षरं मोठी करणं, ब्लूटूथवर हेडफोन जोडणं, टीव्ही किंवा प्रोजेक्टरची केबल लावून काढणं, आणि लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडणं. शेवटच्या दोन गोष्टी लोक कधीच तपासत नाहीत आणि नंतर त्यावरूनच सगळ्यात जास्त त्रास होतो.

करताना एकच लक्ष ठेवा, न विचार करता हात पहिल्यांदा कुठे जातो. खाली डावीकडे गेला आणि तिथे मेनू होता, तर त्या डेस्कटॉपला एक टिक. फुली दाबायला माऊस वर उजव्या कोपऱ्यात फेकता आणि नेम न धरता विंडो बंद होते का, हे पण बघा. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे मोजून मांडलं होतं, जी गोष्ट मोठी आणि जवळ ती पटकन गाठता येते, आणि त्याच नियमाने स्क्रीनच्या कडा आणि कोपरे तर विशेष सोपे कारण माऊस तिथे आपोआप थांबतो, पलीकडे जातच नाही. म्हणून ग्नोमचा वरचा डावा कोपरा नुसता माऊस नेला की ओव्हरव्ह्यू उघडतो, फेडोरावर हे आधीपासून चालू असतं, उबुंटूवर सेटिंगमधून चालू करावं लागतं. आणि म्हणूनच ग्नोममध्ये पूर्ण मोठ्या केलेल्या विंडोची फुली वरच्या पट्टीच्या खाली येते ती काहींना रोज खटकते, कारण कोपऱ्यात फेकलेला माऊस तिच्यावर पडत नाही. एवढीशी गोष्ट, पण दिवसात शंभरदा होते.

दुसऱ्या कुणासाठी मशीन करत असाल, आई, काका, शेजारच्या वहिनी, तर त्यांना बसवा आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. माऊस हातात घ्यायचा नाही, ‘वर बघ वर’ म्हणायचं नाही. फार कठीण जातं हे. पण पाच मिनिटं गप्प बसलात तर ते कुठे अडतात ते तुम्हाला जितकं कळेल तितकं एक वर्ष समजावून कळणार नाही.

पायरी ६. मराठी टाईप करून बघितल्याशिवाय काही ठरवू नका

हे इंग्रजीतल्या कुठल्याच गाईडमध्ये नसतं आणि आपल्याला तर रोज लागतं.

ग्नोममध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे अधिक चिन्ह दाबून मराठी शोधा. इनस्क्रिप्ट येत असेल तर तोच घ्या, १९८६ पासूनचा सरकारी स्टँडर्ड आहे आणि बहुतेक भारतीय भाषांना तीच मांडणी चालते, एकदा बोटात बसला की कायमचा बसला. रोमन अक्षरांवरून टाईप करायची सवय असेल तर फोनेटिक मांडणी निवडा. सुपर आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. ह्या बाबतीत ग्नोम सगळ्यात सरळ आहे हे मानावं लागेल.

केडीईमध्ये साधे लेआउट कीबोर्डच्या सेटिंगमधून लागतात, पण शब्द सुचवणारी किंवा जास्त सोयीची इनपुट पद्धत हवी असेल तर एफसीआयटीएक्स ५ इन्स्टॉल करून मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर जाऊन तो निवडावा लागतो. त्या पानाच्या नावावरून कुणाला वाटणारच नाही की मराठीची किल्ली तिथे आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. मिंटमध्ये साधे लेआउट कीबोर्डमध्ये आणि बाकीसाठी इनपुट मेथड नावाचं वेगळं टूल मेनूत आहे. एक्सएफसीईत कीबोर्डच्या लेआउट टॅबवर आधी ‘सिस्टिम डिफॉल्ट वापरा’ ही टिक काढा, नाहीतर अधिकचं बटण दाबताच येत नाही.

टाईप करताना ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ट्ठ’ लिहून बघा. आणि अक्षरं वाचून बघा, कारण देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार दोन्ही असतात, इंग्रजीला पुरतो तो साईज आपल्याला कमी पडतो. नोटो सान्स देवनागरी किंवा रेड हॅटने खुला केलेला लोहित, दोन्ही चांगले. अक्षरांचा आकार एका पायरीने वाढवा: सिनॅमनमध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.१ किंवा १.२, ग्नोममध्ये अॅक्सेसिबिलिटीत मोठी अक्षरं, एक्सएफसीईत फॉन्टच्या टॅबवर डीपीआय. अण्णांना १.२ केल्यावर ते म्हणाले आता चष्मा न बदलता भागेल.

सगळा मेनू मराठीत करायचा का? भाषांतर सगळीकडे पूर्ण झालेलं नाही, त्यामुळे अर्धा मेनू मराठी अर्धा इंग्रजी दिसतो. ज्यांना इंग्रजी वाचायला त्रास होतो त्यांच्यासाठी तरीही करून बघा, पण ज्याला फोनवरून कुणी मदत करणार आहे त्याचा मेनू मदत करणाऱ्याच्या भाषेत असू द्या.

आणि जुन्या डीटीपीच्या फाइली असतील, श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या, तर त्या युनिकोड (आता सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्यांचे फॉन्ट सोबत आणावे लागतील. डेस्कटॉप कुठलाही असो, ह्यात फरक पडत नाही.

पायरी ७. टाकल्यावर आठ दिवस काही बदलू नका

बॅकअप घेतला, इन्स्टॉल केलं, आता हात आवरा. आठ दिवस आहे तसं वापरा आणि जे खटकतं ते त्याच कागदाच्या मागे लिहा. आठवड्याने बघाल तर अर्ध्या गोष्टींची सवय झालेली असते. उरलेल्या खरोखर बदलायच्या.

मिंटवर सगळ्यात आधी टाइमशिफ्ट चालू करून एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम त्या स्थितीला परत नेता येते. पॅनेलचा घोळ झाला तर पट्टीवर राईट क्लिक करून ट्रबलशूटमध्ये जा, तिथून सिनॅमन रिस्टार्ट करता येतं किंवा सगळं मूळ पदावर आणता येतं. मोठ्यांसाठी अपडेट मॅनेजरमधून अपडेट आपोआप करून ठेवा.

ग्नोमवर मिनिमाइजचं बटण हवं असेल तर ट्वीक्स नावाचं अॅप टाका. डॉक हवा असेल तर एक्स्टेन्शन मॅनेजरमधून डॅश टू डॉक, वरच्या पट्टीत उजवीकडे अॅपचे आयकॉन हवे असतील तर अॅपइंडिकेटर. पण ही एक्स्टेन्शन, म्हणजे ग्नोमला बाहेरून जोडलेल्या छोट्या सोयी, दोन तीनच ठेवा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, आणि एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने ते अपडेट केलं नाही तर ते बंद पडतं. तुम्हाला ग्नोम वापरता यायला सात आठ एक्स्टेन्शन लागत असतील तर त्याचा सरळ अर्थ, तुम्हाला दुसरा डेस्कटॉप हवाय.

केडीईवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘बदललेली सेटिंग्ज हायलाइट करा’ असा एक पर्याय आहे, तो चालू केला की तुम्ही कुठे कुठे हात लावला ते दिसतं, ह्याचा फार उपयोग होतो. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ग्लोबल थीम टाकताना सांभाळून. थीम म्हणजे नुसतं चित्र नसतं, आत स्क्रिप्ट चालू शकते, मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीममुळे एका माणसाच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या आणि केडीईवाल्यांना जाहीर सावध करावं लागलं. रंग आणि आयकॉन बदला, ग्लोबल थीम जी आधीपासून आहे तीच राहू द्या.

पायरी ८. दोन डेस्कटॉप एकत्र ठेवायचे असतील तर

ठेवता येतात. लॉगिनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात गिअरचं चिन्ह किंवा सेशनचं नाव असतं, तिथून निवडायचं. पण त्याच युजरवर दोन्ही चालवलेत तर दोन फाइल मॅनेजर, दोन टेक्स्ट एडिटर मेनूत दिसतात, एकाची थीम दुसऱ्यात शिरते, पीडीएफ कुठल्या अॅपमध्ये उघडायचा ह्याचा गोंधळ होतो. म्हणून दुसरा डेस्कटॉप बघायचा असेल तर आधी नवीन युजर अकाउंट बनवा आणि त्यात बघा. आवडला नाही तर अकाउंट काढून टाका, तुमचं मूळ घर जसंच्या तसं राहतं.

पायरी ९. मदत मागण्याआधी

कुठे अडलात तर नुसतं ‘माझं लिनक्स चालत नाही’ असं कुणाला सांगू नका, कारण उत्तर डेस्कटॉपप्रमाणे पूर्ण बदलतं, मिंटवरची पायरी फेडोरावर सापडणारच नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ किंवा ‘सिस्टिम इन्फो’ उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: डिस्ट्रोचं (उबुंटू, मिंट, फेडोरा जे असेल त्याचं) नाव आणि आवृत्ती, डेस्कटॉपचं नाव आणि आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, आणि सेशन वेलँडवर आहे की एक्स ११ वर. शेवटचं काय आहे ते आत्ता समजलं नाही तरी चालेल, पण स्क्रीन शेअर होत नाही, मराठी टाईप होत नाही, दुसरी स्क्रीन चमकते, अशा बऱ्याच तक्रारींचं उत्तर तिथेच असतं. अण्णांच्या लॅपटॉपच्या मागे मी ह्या चार ओळींची चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. मी गावाला असते तेव्हा ते फोनवर ती वाचून दाखवतात, आणि मग कुठलं बटण कुठे आहे ते मला इथून सांगता येतं.